आदिस्लाव्ह ‘*स्वेँतु’ : एका विशेषणाची व्युत्पत्ती आणि अर्थविचार

१

पुनर्रचित शब्दरूपाच्या आधी तारकाचिन्ह घालण्याचा तौलनिक भाषाशास्त्रात प्रघात आहे. हे रूप कोणत्याही शिलालेखात वा हस्तलिखितात मिळालेले नाही, संबंधित भाषांतील रूपांच्या तुलनेवरून ते अनुमानाने सिद्ध केले आहे, असे हे चिन्ह वाचकास बजावते. परंतु रूपाच्या बाबतीत इतकी दक्षता घेणारे कोशकार त्याच ओळीत त्या शब्दाचा अर्थ मात्र निःशंकपणे देऊन मोकळे होतात. रूपाला तारका असते, अर्थाला नसते. वस्तुतः अर्थ हाही अनुमानानेच सिद्ध करावा लागतो आणि त्या अनुमानाची साधने रूपाच्या साधनांहून पुष्कळच दुबळी असतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आदिस्लाव्ह भाषेतील एका विशेषणाच्या आधारे करावयाचा आहे. ते विशेषण म्हणजे *स्वेँतु. कोशांत त्याचा अर्थ ‘पवित्र’ असा दिलेला आढळतो आणि आजच्या सर्व स्लाव्ह भाषांत तो खराही आहे. अडचण अशी की, स्लाव्ह भाषेतील लेखनाचा आरंभच ख्रिस्ती धर्मप्रसाराबरोबर झाला. इ. स. ८६३ मध्ये सिरिल (मूळ नाव कॉन्स्टंटाइन) आणि मेथोडियस हे बंधू मोराव्हियात गेले, त्या कार्यातून स्लाव्ह लिपी व स्लाव्ह धर्मग्रंथ निर्माण झाले, आणि त्या ग्रंथांच्या आज उपलब्ध असलेल्या प्रती १० व्या व ११ व्या शतकांतील आहेत. म्हणजे या विशेषणाच्या अर्थाविषयीचा सलग मजकुरातील प्रत्येक जुना पुरावा ख्रिस्ती आहे. आदिस्लाव्ह भाषा बोलणारे लोक मात्र ख्रिस्ती नव्हते. तेव्हा ‘पवित्र’ हा अर्थ आदिस्लाव्ह काळावर लादण्याचा अधिकार आपणास कितपत पोचतो?

लेखनपद्धतीविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. ‘एँ’ या चिन्हाने येथे आदिस्लाव्ह सानुनासिक ए दाखविला आहे. शब्दान्तीचा ‘उ’ हा अतिर्‍हस्व, पुढे बहुतेक भाषांत लोप पावलेला स्वर समजावा. ‘क्’’ या चिन्हाने मूळ इंडो-युरोपीय भाषेतील तालव्य क् दर्शविला आहे.

२

प्रथम रूपाचा विचार करू. प्राचीन चर्च-स्लाव्ह भाषेत स्वेँतु, रशियनमध्ये स्व्यातोय, पोलिशमध्ये श्व्येंती, चेकमध्ये स्वाती, सर्बियन व क्रोएशियनमध्ये स्वेती, स्लोव्हेनियनमध्ये स्वेत अशी रूपे आहेत. वरवर पाहता यांतील स्वर परस्परांशी जुळत नाहीत; रशियनमध्ये ‘या’, पोलिशमध्ये अनुनासिक, दक्षिणेकडील भाषांत शुद्ध ‘ए’. परंतु हे वैषम्य नियमबद्ध आहे. ‘पाच’ या संख्येचा शब्द घ्यावा : रशियन प्यात्, पोलिश प्येंच, सर्बियन पेत. स्वरांची तीच मालिका येथेही दिसते. चेकमध्ये ‘पाच’साठी प्येत आणि आपल्या विशेषणासाठी स्वाती असा भेद आढळतो, तोही नंतरच्या व्यंजनाच्या मृदुत्वावर वा कठोरत्वावर अवलंबून आहे. यावरून या सर्वांच्या मुळाशी सानुनासिक एँ होता असे ठरते. ‘पाच’चे आदिस्लाव्ह रूप *पेँति असे येते आणि ते संस्कृत ‘पंक्ति’ (मूळ अर्थ पाचांचा गट) या शब्दाशी रचनेने जुळते. स्लाव्ह एँ म्हणजे पूर्वीचा ‘एन्’, हे त्यावरून उघड होते.

या अनुनासिकाचा पुरावा स्लाव्ह प्रदेशाबाहेरही सापडतो. बायझंटाइन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने १० व्या शतकाच्या मध्यास राज्यकारभारावर लिहिलेल्या ग्रंथात कीव्हच्या राजपुत्राचे नाव ग्रीक लिपीत ‘स्फेन्दोस्थ्लावोस’ असे नोंदविले आहे. आज आपण ज्यास स्व्यातोस्लाव म्हणतो तोच हा पुरुष. ग्रीक लेखकाच्या कानी त्या काळी ‘न्’ पडत होता. त्याचप्रमाणे मोराव्हियाचा राजा स्वातोप्लुक (मृत्यू ८९४) याचे नाव लॅटिन व जर्मन साधनांत ‘झ्वेन्तिबाल्ड’ या प्रकारे येते. कॅरोलिंजियन राजा आर्नुल्फ याच्या अनौरस पुत्राचा धर्मपिता हा स्वातोप्लुकच होता, म्हणून त्या पुत्रास तेच नाव मिळाले. तो झ्वेन्तिबोल्ड या नावाने ८९५ ते ९०० पर्यंत लोथारिंजियाचा राजा होता. एका स्लाव्ह विशेषणाचा सानुनासिक स्वर असा जर्मन राजघराण्यात जतन झालेला आहे.

शब्दारंभीचा ‘स्’ कोठून आला? स्लाव्ह स् अनेक ठिकाणी मूळ तालव्य क्’ पासून येतो आणि त्या ठिकाणी संस्कृतमध्ये श्, लिथुआनियनमध्येही श् असतो : संस्कृत शत, लिथुआनियन शिम्तास, प्राचीन स्लाव्ह सुतो, संस्कृत दश, लिथुआनियन देशिम्त, प्राचीन स्लाव्ह देसेँति. आपल्या विशेषणाचा लिथुआनियन प्रतिशब्द श्वेन्तास् (पवित्र) असा आहे. त्यात श् आहे, अनुनासिक स्वराच्या जागी स्पष्ट ‘एन्’ आहे, आणि -आस् हा पुल्लिंगी प्रत्यय स्लाव्ह -उ शी नियमाने जुळतो. या दोहोंच्या मागे *क्’वेन्तो- असे रूप मानणे त्यामुळे क्रमप्राप्त आहे. दोन्ही भाषांत या विशेषणाचा आघात चल आहे, म्हणजे तो रूपानुसार प्रकृतीवरून प्रत्ययावर सरकतो. हे साम्यही या निष्कर्षास पोषक आहे.

३

संस्कृत जाणणाऱ्या मराठी वाचकास येथे दोन साम्ये मोह घालतात. त्या दोहोंचा निरास केल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

पहिले साम्य ‘श्वेत’ या शब्दाशी. स्वेती, स्वेत ही दक्षिण स्लाव्ह रूपे ऐकताच शुभ्रता व पावित्र्य यांची सांगड घालण्याची इच्छा होते. परंतु ‘श्वेत’चा स्लाव्ह सोयरा वेगळाच आहे. तो म्हणजे *स्वेतु, अर्थ ‘प्रकाश’, नंतर ‘जग’. त्यात अनुनासिक कधीच नव्हता. त्यातील ए हा जुन्या संयुक्त स्वरापासून आला आहे. ज्या भाषांनी दोन्ही स्वर निराळे राखले त्यांत या दोन शब्दांची गल्लत होत नाही : पोलिशमध्ये श्व्येंती म्हणजे पवित्र व श्व्यात म्हणजे जग, चेकमध्ये स्वाती व स्व्येत, रशियनमध्ये स्व्यातोय व स्व्येत. सर्बियनमध्ये मात्र दोन्ही स्वर ‘ए’मध्ये मिळून गेल्यामुळे ‘स्वेत’ हे एकच अक्षररूप दोन अर्थांचे वाहक झाले. लिथुआनियनमध्येही ‘श्वेन्तास्’ आणि ‘प्रकाशणे’ या अर्थाचा ‘श्वीएस्ती’ हा धातू हे दोन स्पष्टपणे भिन्न आहेत. पवित्र ते शुभ्र असे समीकरण काव्यात शोभेल. व्युत्पत्तीत त्यास स्थान नाही.

दुसरे साम्य ‘संत’ या शब्दाशी. युरोपातील ‘सेंट’ आणि आपला ‘संत’ एकच होत, असे अनेकदा ऐकू येते, आणि त्या रांगेत स्लाव्ह शब्दासही बसविण्याचा मोह होतो. पण येथे तीन निरनिराळी कुळे आहेत. मराठी ‘संत’ हा संस्कृत ‘सत्’ या रूपापासून, म्हणजे ‘अस्’ धातूपासून आला. ‘सन्तः’ हे त्याचे अनेकवचन आपल्या परिचयाचे आहे. ‘सेंट’च्या मुळाशी लॅटिन ‘सांक्तुस’ आहे आणि ते ‘विधिपूर्वक अलंघ्य ठरविणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे भूतकालवाचक विशेषण आहे. स्लाव्ह *स्वेँतु *क्’वेन्तो- पासून आला. तिन्ही शब्दांचा आजचा उपयोग जवळजवळ एक, ध्वनीही सारखे, आणि नाते मात्र मुळीच नाही. अर्थसाम्य व ध्वनिसाम्य एकत्र आले तरी नियमबद्ध ध्वनिसंगतीवाचून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, या तत्त्वाचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

४

आता खरा वादाचा मुद्दा. अवेस्ता भाषेत ‘स्पेन्त’ हे विशेषण आहे. ‘स्पेन्त मैन्यू’ हे नाव आणि ‘अमेष स्पेन्त’ (त्यातील ‘अमेष’ म्हणजे संस्कृत ‘अमृत’) ही दैवी शक्तींची संज्ञा पारशी समाजामुळे मुंबईकरांस अपरिचित नाही. स्पेन्त हेही *क्’वेन्तो- पासूनच येते. स्लाव्ह व इराणी लोकांचा काळ्या समुद्राच्या उत्तरेस दीर्घकाळ निकट संबंध होता. स्लाव्ह भाषांतील धर्मविषयक शब्दांत इराणीशी लक्षणीय साम्ये आहेत, उदाहरणार्थ ‘देव’ या अर्थाचा स्लाव्ह ‘बोगु’ आणि इराणी ‘बग’, ज्याचा संस्कृत सोयरा ‘भग’ होय. रोमान याकोब्सन यांच्यासारख्या विद्वानांनी या साम्यांकडे लक्ष वेधले आहे. मग *स्वेँतु हा शब्दच इराणीतून उसना घेतलेला नसेल कशावरून?

याचे उत्तर ध्वनिशास्त्र देते, आणि ते समजून घेण्यास मराठीतच उत्तम साधन उपलब्ध आहे. आपल्या भाषेत ‘श्वेत’ आणि ‘सफेद’ असे दोन शब्द आहेत. पहिला संस्कृतातून आला, दुसरा फारसीतून. मुळात मात्र हे दोन्ही एकच होत. मूळ क्’व् या संयोगाचे संस्कृतमध्ये श्व् झाले, इराणीमध्ये स्प् झाले. म्हणून संस्कृत श्वेत तर अवेस्ता स्पएत, आणि तेथून फारसी सफेद. संस्कृत अश्व तर अवेस्ता अस्प. संस्कृत विश्व तर अवेस्ता वीस्प. स्लाव्हमध्ये याच संयोगाचे स्व् होते, हे वर दिलेल्या *स्वेतु (प्रकाश) या शब्दावरून दिसते, आणि लिथुआनियनमध्ये श्व् होते. आता ‘पवित्र’ या विशेषणाची मालिका पाहावी : अवेस्ता स्पेन्त, स्लाव्ह स्वेँतु, लिथुआनियन श्वेन्तास्. ती ‘श्वेत’च्या मालिकेशी तंतोतंत समांतर आहे.

फारसी शब्द घेताना मराठीने त्यातील ओष्ठ्य ध्वनी टाकला नाही. ‘सफेद’मधील फ आजही आपले मूळ सांगतो. स्लाव्हांनी जर इराणी शब्द उचलला असता, तर त्यांच्या मुखी *स्पेँतु असे काही रूप यावयास हवे होते. सर्वच इराणी भाषांत स्प् झाला असे नाही. प्राचीन पारसीकमध्ये ‘घोडा’ यास ‘अस’ म्हणत. परंतु त्या भाषांतही व् टिकलेला नाही, आणि स्लाव्हांच्या शेजारी असलेल्या सिथियन-सार्माटियन बोलींचा वारसा सांगणाऱ्या ओसेटियन भाषेत मूळ स्प् चे फ्स् झालेले आढळते. ‘स्व्’ देऊ शकेल अशी इराणी बोली स्लाव्हांच्या परिसरात दाखविता येत नाही.

लिथुआनियन शब्द पोलिशमधून गेला असावा, अशी शंका घेता येईल, कारण पोलिश रूपातही श् आहे. लिथुआनियाने १३८७ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो पोलंडच्या संबंधातूनच. परंतु श्वेन्तोयी (‘ती पवित्र’) हे लिथुआनियातील नेरिस नदीला मिळणाऱ्या एका मोठ्या नदीचे नाव आहे. या प्रकारची नदीनामे व सरोवरनामे बाल्टिक प्रदेशात अनेक आहेत, आणि नद्यांची नावे धर्मोपदेशकांच्या आगमनाची वाट पाहत नाहीत. १६ व्या शतकातील धर्मप्रश्नोत्तरींत जतन झालेल्या प्राचीन प्रशियन भाषेतही ‘स्विन्त्स’ असे रूप आहे. एवंच, शब्द बाल्टिक व स्लाव्ह या दोहोंत वारशाने आला आहे. अर्थावर इराणी छाया पडली काय, हा निराळा प्रश्न होय. शब्द स्वतःचा व अर्थ शेजाऱ्याचा, असे भाषांत घडते. मात्र तो पर्याय शक्य आहे एवढ्यावरून तो सिद्ध होत नाही.

५

रूपाचा प्रश्न सुटला. अर्थाचा प्रश्न येथून सुरू होतो. भगिनीभाषा कोणती साक्ष देतात?

अवेस्तातील ‘स्पेन्त’ याचे भाषांतर युरोपीय विद्वानांनी पूर्वी ‘पवित्र’ असे करण्याचा परिपाठ होता. परंतु अवेस्तावरील पहलवी टीकाकार, म्हणजे जे त्या परंपरेच्या आतून बोलत होते ते, या शब्दासाठी ‘अब्जोनीग’ हा प्रतिशब्द योजतात. त्याचा अर्थ ‘वृद्धी करणारा, समृद्धिदायक’ असा आहे. धार्मिकतेच्या दृष्टीने ‘पुण्यशील’ या अर्थाचा शब्द अवेस्तात वेगळा आहे, तो ‘अषवन्’, म्हणजे वैदिक ‘ऋतावन्’. ‘स्पेन्ता आर्मइति’ ही अमेष स्पेन्तांपैकी एक. तिचा अधिकार पृथ्वीवर आहे, आणि इराणी पंचांगातील ‘इस्फंद’ या बाराव्या महिन्याच्या नावात तीच दडलेली आहे. या सर्वांवरून एमील बेनवेनिस्त यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडो-युरोपीय संस्थांच्या शब्दसंग्रहावरील आपल्या ग्रंथात स्पेन्तचा मूळ आशय ओसंडून वाहणारे, जीवन फुलविणारे सामर्थ्य असा मांडला. पावित्र्याचे दोन पैलू अनेक भाषांत दोन शब्दांनी व्यक्त होतात, एक दैवी सामर्थ्याने भारलेले आणि दुसरे मनुष्यास स्पर्श वर्ज्य असलेले, हे त्यांचे विवेचनही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

जर्मानिक शाखेत विशेषण उरले नाही; परंतु गॉथिकमध्ये ‘हुन्स्ल’ (यज्ञबली) हा शब्द आहे, आणि तो सामान्यतः याच मुळापासून आलेला मानतात. प्राचीन इंग्रजीत तोच ‘हूस्ल’ या रूपाने ख्रिस्ती प्रसादविधीचा वाचक झाला. तेव्हा या मुळाचा धार्मिक विधीशी असलेला संबंध स्लाव्ह शाखेपुरता मर्यादित नाही, हे मान्य करावे लागते.

संस्कृतची साक्ष सर्वांत अधिक हवीशी आणि सर्वांत कमी खात्रीची आहे. ऋग्वेदात (१.१४५.४) ‘श्वान्त’ असा विरळ शब्द येतो. त्याचा अर्थ संदर्भावरून निश्चित होत नाही, आणि त्यातील दीर्घ आ हा स्पेन्तशी नीट जुळत नाही. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील कृषिसूक्तात (४.५७) येणारा ‘शुन’ (भरभराट) हा शब्द व त्याच्या जोडीचे ‘शुनासीर’ हे देवतानाम यांचाही संबंध काही अभ्यासक जोडतात. अर्थाच्या दृष्टीने हा दुवा आकर्षक आहे. याच्याही पुढे जाऊन *क्’वेन्तो- हे ‘फुगणे, वाढणे’ या अर्थाच्या धातूशी जोडले जाते. पाणिनीय धातुपाठात ‘श्वि’ हा धातू गती व वृद्धी या अर्थी दिला आहे. ‘शून’ (सुजलेला), वैद्यकातील ‘शोथ’, तसेच ‘शवस्’ (बल) व ‘शूर’ हे शब्द त्याच मुळाशी निगडित आहेत. फुगणे, त्यावरून बळ, त्यावरून समृद्धी, त्यावरून पावित्र्य, अशी ही शिडी सुबक दिसते. रशियन विद्वान व्ह. नि. तोपोरोव यांनी १९९५ व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रशियन संस्कृतीतील पावित्र्यविषयक आपल्या द्विखंडी ग्रंथात याच दिशेने विस्तृत विवेचन केले आहे.

तथापि या शिडीच्या सर्वच पायऱ्या सारख्या मजबूत नाहीत. स्पेन्तचा ‘वृद्धिकारक’ हा अर्थ ग्रंथांच्या व टीकांच्या आधारावर उभा आहे. ‘फुगणे’ या धातूशी संबंध मात्र *क्’वेन्- मधील न् हा मूळ धातूस लागलेला विस्तार आहे, असे गृहीत धरल्यासच जुळतो. शिवाय धातूचा अर्थ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. ‘शूर’ म्हणताना कोणीही मराठी भाषक सुजेचा विचार करीत नाही. आदिस्लाव्ह भाषक *स्वेँतु म्हणताना फुगण्याचा विचार करीत असेल, असे मानण्यास कारण नाही.

६

तेव्हा स्लाव्हांच्याच घरात ख्रिस्तपूर्व काळाचा पुरावा मिळतो काय? सलग मजकूर मिळत नाही, नावे मिळतात.

वर उल्लेखिलेला कीव्हचा स्व्यातोस्लाव (मृत्यू ९७२) हा इगोर व ओल्गा यांचा पुत्र. ओल्गाने बाप्तिस्मा घेतला होता. पुत्राने मात्र आईच्या आग्रहास न जुमानता तो नाकारला आणि आपले सैनिक आपणास हसतील असे कारण दिले, असे रूसच्या आद्य बखरीत सांगितले आहे. अशा पुरुषाच्या नावातील ‘स्वेँतो-’ या घटकाचा अर्थ ख्रिस्ती ‘पवित्र’ असणे संभवत नाही. स्वातोप्लुक (*स्वेँतोपुल्कु) या नावाचे उत्तरपद ‘सेना, सैन्यपथक’ या अर्थाचे आहे. ‘पवित्र सेना’ ही कल्पना धर्मयुद्धांच्या काळास शोभते. ९ व्या शतकातील मोराव्हियन राजकुळातील नावास नाही.

येथे सावधगिरीची एक सूचना आवश्यक आहे. प्राचीन द्विपदी विशेषनामांत दोन पदांच्या अर्थांची बेरीज होतेच असे नाही. नामघटकांची अदलाबदल करून नवी नावे घडविली जात. म्हणून एकेका नावाचा अर्थ लावीत बसण्यापेक्षा हा घटक कोणत्या घटकांच्या जागी येतो हे पाहणे अधिक फलदायी ठरते. तसे पाहता एक जोडी लगेच नजरेत भरते. स्व्यातोस्लाव व यारोस्लाव, स्व्यातोपोल्क व यारोपोल्क, आणि देवतानामांत स्वान्तोवित व यारोवित. तीन निरनिराळ्या उत्तरपदांपुढे ‘स्वेँतो-’ व ‘यारो-’ परस्परांच्या जागी येतात. ‘यारु’ या विशेषणाचा अर्थ ‘उग्र, जोमदार’ असा आहे आणि वसंतऋतूच्या जोमाशीही त्याचा संबंध आहे. रशियनमध्ये वसंतात पेरलेल्या पिकास त्यावरूनच नाव मिळाले. पोमेरेनियातील यारोवित या देवतेस बांबेर्कचे बिशप ओटो यांच्या चरित्रकारांनी रोमन युद्धदेव मार्स याच्याशी एकरूप मानले. समान परिसरात येणारे शब्द समानार्थी असतातच असे नाही. परंतु ते एकाच अर्थक्षेत्रातील असण्याचा संभव मोठा असतो. ‘स्वेँतो-’चे शेजारी सौम्य व सात्त्विक नाहीत; ते सामर्थ्य आणि जोम यांचे वाचक आहेत.

स्वान्तोवित ही बाल्टिक समुद्रातील र्‍यूगन बेटावरील आर्कोना येथील देवता. डेन्मार्कचा राजा पहिला वाल्देमार याने ११६८ मध्ये ते मंदिर उद्ध्वस्त केले. डॅनिश इतिहासकार साक्सो ग्रामाटिकुस याने तेथील चार मस्तकांच्या मूर्तीचे वर्णन केले आहे. मूर्तीच्या हाती एक शिंग असे आणि ते पेयाने भरून ठेवीत. सुगीनंतरच्या वार्षिक उत्सवात पुजारी त्यातील पेय किती उरले ते पाही आणि त्यावरून येत्या वर्षाच्या पिकाचे भाकीत करी. वृद्धी आणि समृद्धी यांच्याशी या देवतेचा असा साक्षात संबंध होता. त्याच काळातील हेल्मोल्ड हा बखरकार मात्र सांगतो की, हा देव म्हणजे कोर्वाय मठाचा संत व्हीटुस असून लोकांनी अज्ञानाने त्याची मूर्ती केली. उत्तरकाळी ‘स्वेतोविद’ असे रूप करून ‘जग पाहणारा’ असाही अर्थ लावण्यात आला. हा तर वर सांगितलेल्या ‘स्वेत’ या दोन शब्दांच्या गल्लतीचाच परिणाम होय. एकाच नावाचे तीन अर्थ तीन काळांनी केले आणि प्रत्येकाने त्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहिले. आपण लावीत असलेला चौथा अर्थही या नियमास अपवाद आहे असे समजू नये. म्हणूनच तो एकट्या आर्कोनाच्या शिंगावर न टेकविता नामघटकांच्या वितरणावर, नदीनामांवर आणि अवेस्ताच्या साक्षीवर मिळून टेकवावयास हवा.

७

९ व्या शतकातील अनुवादकांपुढे कोणता प्रश्न होता, हे आता नीट समजते. ग्रीकमध्ये ‘हागिओस’ आणि ‘हिएरोस’ असे दोन शब्द होते. पहिला ईश्वर, पवित्र आत्मा व संत यांच्यासाठी. दुसरा विधीने देवास वाहिलेल्या वस्तू व पौरोहित्य यांच्यासंबंधी. हागिओससाठी अनुवादकांनी *स्वेँतु हा शब्द निवडला. स्लाव्हांच्या भाषेत दैवी सामर्थ्याशी निगडित असलेला आणि कोणत्याही एका देवतेच्या मालकीचा नसलेला असा हा शब्द होता. हिएरोससाठी त्यांनी याच विशेषणावरून झालेल्या ‘पवित्र करणे’ या क्रियापदाचे भूतकालवाचक विशेषण योजले. रशियनमध्ये ते ‘स्व्याश्चेन्नी’ या रूपात टिकले आहे आणि पुरोहितासाठी ‘स्व्याश्चेन्निक’ हा शब्द त्यावरूनच आला. जे स्वभावतःच तसे आहे ते स्वेँतु, जे संस्काराने तसे केले गेले ते दुसरे. एका प्रकृतीतून ग्रीकमधील दोन कल्पनांचा भेद साधणारी ही योजना अनुवादकौशल्याचा उत्तम नमुना आहे.

या योजनेतून ‘पवित्र आत्मा’ या अर्थाची ‘दुखु स्वेँतु’ अशी जोडी सिद्ध झाली. तिच्याकडे पाहून अवेस्तातील ‘स्पेन्त मैन्यू’ची आठवण होते, कारण तेथेही ‘मैन्यू’ म्हणजे आत्मा, आणि विशेषण तर एकच. परंतु ही जोडी ग्रीक शब्दप्रयोगाचे भाषांतर आहे. इराणी शब्दप्रयोगाशी तिचे साम्य योगायोगाने घडले आहे. त्यात प्राचीन वारसा शोधणे चूक ठरेल.

पुढे या विशेषणाची संतती सर्वत्र वाढली. चेक ‘स्वातेक’, पोलिश ‘श्व्येन्तो’, युक्रेनियन ‘स्व्यातो’ हे शब्द सणासाठी रूढ झाले. लिथुआनियनमध्येही सणास ‘श्वेन्ते’ म्हणतात. बाप्तिस्मा घेतलेल्या राजकुळांत स्व्यातोस्लाव हे नाव चालूच राहिले आणि ऐकणाऱ्यास त्यात आता ‘पवित्र कीर्तीचा’ असा अर्थ ऐकू येऊ लागला. नाव तेच राहिले, त्याखालचा अर्थ मात्र बदलून गेला. अशा प्रकारचा बदल भाषेत कसलीही खूण मागे ठेवीत नाही, म्हणूनच तो ओळखणे कठीण असते.

८

सारांश पुढीलप्रमाणे मांडता येईल. *स्वेँतु हे रूप, आणि त्यामागील *क्’वेन्तो- हेही, ध्वनिनियमांच्या आधारे निश्चित मानण्यास हरकत नाही. शब्द उसना नसून वारशाने आलेला आहे, हेही तितकेच पक्के आहे. ख्रिस्तपूर्व काळात तो देवता, राजपुरुष व जलप्रवाह यांच्या नावांत येत असे आणि त्या स्थानी तो जोम व सामर्थ्य यांच्या वाचकांबरोबर वावरत असे, हे संभाव्यतेच्या उच्च कोटीचे विधान होय. त्याचा आशय ‘वृद्धी देणारे दैवी सामर्थ्य’ असा असावा, हे अवेस्ताच्या आधाराने संभाव्य आहे. त्याच्या मुळाशी ‘फुगणे’ हा धातू होता, हे शक्य आहे, इतकेच. आणि ‘पवित्र’ हा अर्थ आदिस्लाव्ह काळी आजच्या आशयासह होता, असे म्हणण्यास पुरावा नाही.

निश्चित, संभाव्य, शक्य या पायऱ्या कोशाच्या एका ओळीत दिसत नाहीत. तेथे सर्व विधाने सारख्याच आवाजात बोलतात. त्या वेगळ्या करून वाचणे हे अभ्यासकाचे काम आहे. वेदांच्या अभ्यासातही हा प्रसंग आपणास नवा नाही. ऋग्वेदात ‘असुर’ हे विशेषण वरुणादी देवांस सन्मानाने लावलेले आढळते. पौराणिक वाङ्मयाच्या परिचयाने वाचणारा तेथे अडखळतो. परंतु तेथे जुना अर्थ सांगणारा ग्रंथ आपल्या हाती आहे. आदिस्लाव्हांनी असा ग्रंथ मागे ठेवला नाही. त्यांच्या शब्दावर त्यांच्या धर्मांतरानंतरचा अर्थ चढविणे सोपे आहे, आणि उलट दिशेने, धातूच्या अर्थावरून एक संपूर्ण लुप्त धर्मदर्शन उभे करणे हेही तितकेच सोपे आहे. या दोन्ही वाटा टाळून जेवढे उरते तेवढेच या विशेषणाविषयीचे आपले ज्ञान होय. ते अल्प आहे. परंतु रूपापुढील तारका अर्थापुढेही मनोमन घालण्याची सवय ज्यास लागली, त्यास ते अपुरे वाटू नये.